आईची केमो, प्रार्थनासभा आणि येशूने बरी केलेली माणसं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ५८ वर्षांच्या, स्तनाचा कर्करोग. आठ केमो आणि मग ऑपरेशन असं डॉक्टरांनी ठरवलंय. चार केमो झाल्या. चौथीनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली. आई ज्या प्रार्थनासभेला जातात तिथल्या एका बंधूंनी त्यांना सर्वांसमोर साक्ष द्यायला उभं केलं आणि सांगितलं, प्रभूने तुम्हाला बरं केलंय, आता पुन्हा सुया टोचून घेणं म्हणजे त्याच्या कामावर संशय घेणं. आई आता पाचवी केमो नको म्हणतायत. तुम्ही स्वतः नाताळ-ईस्टरपुरतेच चर्चला जाता, म्हणून 'घरातल्या अविश्वासाने आशीर्वाद अडतो' हेही तुम्हाला ऐकावं लागलं. आणि तुम्ही विचारता : शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) येशूने येईल त्याला बरं केलं, मग औषध घेणं हा अविश्वास आहे का? आणि उद्या आईचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. औषध घेणं हा अविश्वास नाही. आईचं बरं होणं तुमच्यामुळे अडलेलं नाही. आणि पाचवी केमो ठरल्या तारखेला व्हायला हवी. डॉक्टरांनी स्वतः पुढे ढकलली तरच ती पुढे जावी.

मी एका चर्चच्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, होतो, पुढे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मिशन रुग्णालयात चॅपलेन म्हणून बरीच वर्षं काम केलं. रुग्णाशेजारी बसायचं, त्याचं ऐकायचं, त्याला हवी असेल तर प्रार्थना करायची, हेच माझं काम. मी डॉक्टर नाही. आजाराबद्दल जे सांगतोय ते वॉर्डात डॉक्टरांकडून शिकलेलं आहे, आणि तुमच्या आईबाबतचा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. येशू आजही बरं करतो असं मी मानतो. डॉक्टरांना उलगडा न झालेलं बरं होणं मी पाहिलं आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते श्रद्धा कमी करण्यासाठी लिहिलंय असं आईंना वाटू देऊ नका; हवं तर हे त्यांना वाचून दाखवा.

सुरुवात त्या गाठीपासून करू, कारण सगळा पेच तिथे आहे. ऑपरेशनच्या आधी केमो देतात ती बहुतेक वेळा गाठ लहान व्हावी आणि शरीरात इतरत्र पोचलेल्या, कुठल्याही तपासणीत न दिसणाऱ्या पेशी मराव्यात म्हणून. ठरावीक दिवसांनी, अनेकदा तीन आठवड्यांनी, पुढचा डोस देतात. मधल्या काळात शरीराच्या चांगल्या पेशी सावरतात आणि उरलेल्या वाईट पेशींवर पुन्हा मारा होतो. प्रत्येक वेळी काही वाटा मरतो, सगळ्या एकदम मरत नाहीत. म्हणून चार केमोंनंतर गाठ हाताला लागत नाही ही अतिशय चांगली बातमी आहे : औषध लागू पडतंय. पण बोटांना न लागणं आणि आजार संपणं यांत फार अंतर आहे. रोग खरंच उरला आहे की नाही हे ऑपरेशननंतर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की कळतं. आता, मध्येच, औषध थांबवलं तर ज्या पेशी तग धरून राहिल्या त्यांना मोकळं रान मिळतं. साक्ष देऊन औषध सोडलेल्या बायका काही महिन्यांनी परत येताना मी पाहिल्या आहेत. तेव्हा डॉक्टरांच्या हातात आज जेवढं आहे तेवढं उरलेलं नसतं. म्हणूनच मी हे इतक्या कळकळीने लिहितोय.

गाठ विरघळली म्हणून देवाचे आभार मानायचे असतील तर जरूर मानावेत. ते आभार औषधातून झालेल्या कामाचेही असू शकतात.

आता शुभवर्तमानाकडे वळू. बंधूंनी आईंना साक्ष द्यायला लावली ना? मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशू त्याला हात लावतो. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला आधी शिवतो आणि तो शुद्ध होतो. लगेच येशू त्याला दोन गोष्टी सांगतो. पहिली, कुणाला काही सांगू नकोस. दुसरी, जा आणि याजकाला, म्हणजे यहुदी पुरोहिताला, दाखव. त्या काळी त्वचेच्या अशा रोगाचं निदान करणं आणि माणूस बरा झाला असं जाहीर करणं हे मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजकाचं काम होतं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत सगळी पद्धत दिली आहे, सात-सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासायची. म्हणजे ज्याने स्वतः बरं केलं तोच म्हणतो, ज्यांच्याकडे तपासण्याचा अधिकार आहे त्यांच्याकडून तपासून घे. आज तो अधिकार कुणाकडे आहे? कर्करोगतज्ज्ञाकडे. आई बऱ्या झाल्या असतील तर तपासणीत तसं दिसेल, आणि औषध थांबवायचं तर डॉक्टर थांबवतील. रुग्णालयात माझी ही ठाम रीत होती : प्रार्थना मी करीन, गोळी बंद करायचा निर्णय माझ्याकडे येणार नाही.

कॅथलिक चर्चचा अनुभवही इथे सांगण्याजोगा आहे. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून आजारी माणसं जातात. तिथे १८८३ मध्येच डॉक्टरांचं कार्यालय सुरू झालं, आणि 'मी बरा झालो' म्हणणाऱ्याची कागदपत्रं तिथे तपासली जातात. बरं होणं उपचारांमुळे झालेलं असू शकतं का, टिकलं का, सगळं पाहतात. हजारो दाव्यांपैकी चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास आहेत. चमत्कारावर श्रद्धा असलेली मंडळीच इतकी सावध आहेत. तुमच्या आईंच्या बाबतीत उपचार चालू असताना, चौथ्या केमोनंतर, एका संध्याकाळी निकाल दिला गेला.

आता विश्वासाचा मुद्दा. तुम्हाला सर्वांत जास्त तोच बोचतोय, म्हणून इथे जरा थांबतो.

'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' असं येशू काही जणांना म्हणतो, हे खरं. रक्तस्रावाच्या स्त्रीला म्हणतो, यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाला म्हणतो, दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आलेल्या शोमरोन्याला, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या माणसाला, म्हणतो. पण एवढीच वाक्यं उचलून नियम बनवता येत नाही. कफर्णहूम गावी छप्पर उकलून खाली सोडलेला पक्षाघाती आठवा. तिथे येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो असं लिहिलंय, खाट उचलून आणणाऱ्यांचा. नाईन गावच्या विधवेने तर काही मागितलंही नव्हतं. तिच्या मुलाची तिरडी वाटेत भेटली, येशूला तिचा कळवळा आला, आणि तो पुढे झाला. बेथेस्दा तळ्याच्या काठी ३८ वर्षं पडून असलेल्या माणसाला आपल्याला कुणी बरं केलं तेही ठाऊक नव्हतं. योहान स्पष्ट लिहितो की विचारल्यावर त्याला नाव सांगता आलं नाही. आणि येशूच्या अटकेच्या रात्री प्रमुख याजकाच्या ज्या दासाचा कान कापला गेला, तो तर येशूला धरायला आलेल्यांपैकी होता. लूक सांगतो, येशूने त्याच्या कानाला हात लावला आणि तो बरा केला. त्या माणसाचा कोणता विश्वास होता?

तुम्हाला येशूच्या स्वतःच्या गावाचं, नासरेथचं, उदाहरण देतील, म्हणून तेही पाहू. मार्क सहावा अध्याय : तिथे तो फारशी अद्भुत कृत्यं करू शकला नाही आणि लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं. पण तेच वचन पूर्ण वाचा. थोड्या आजारी माणसांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं असं त्यातच आहे. म्हणजे नासरेथात जे आजारी त्याच्याकडे आले ते बरे झाले. अविश्वास होता तो 'हा सुतारच ना?' म्हणणाऱ्या धडधाकट गावकऱ्यांचा. तुम्ही डॉक्टरकडे आईला घेऊन जाता, रात्री जागता, रिपोर्टच्या फाईल सांभाळता. तुम्ही त्या गावकऱ्यांत बसत नाही. तुम्ही खाट उचलणाऱ्यांत बसता.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १७वा अध्याय. शिष्य एका मुलाला बरं करू शकले नाहीत. नंतर एकांतात ते येशूला विचारतात, आम्हाला का जमलं नाही? तो म्हणतो, तुमच्या अल्पविश्वासामुळे. हे कुणाला म्हटलंय ते नीट पाहा. मुलाला नाही, त्याच्या बापाला नाही. बरं करायला निघालेल्या शिष्यांना म्हटलंय. चारही शुभवर्तमानांत आजारी माणूस येशूसमोर आला आणि 'तुझा विश्वास कमी पडला, म्हणून तू बरा होणार नाहीस' असं सांगून त्याने परत पाठवला, अशी एकही गोष्ट नाही. कुणी आईंना किंवा तुम्हाला असं म्हणत असेल तर तो येशूने कधी न वापरलेलं वाक्य येशूच्या नावाने वापरतोय.

हाच प्रसंग मार्काने नवव्या अध्यायात जास्त तपशिलाने दिला आहे, आणि तुम्ही तो आज रात्री वाचावा असं मला वाटतं. तिथे मुलाचा बाप येशूला म्हणतो, तुमच्याने काही होत असेल तर करा. मग रडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर करा. विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात, एकाच माणसात. येशू त्याला आधी अविश्वास संपवून ये म्हणत नाही. मुलगा बरा होतो. तुमच्यासारखी कितीतरी मुलं-मुली अतिदक्षता विभागाच्या दाराशी मला भेटली. त्यांना मी हाच बाप भेटवत आलो.

पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि मी तो टाळणार नाही. येशूने सगळ्यांना बरं केलं ना, मग आई बऱ्या होतीलच असं म्हणता येईल का?

'आजारी असलेल्या सर्वांना बरे केले' अशी वाक्यं मत्तय आणि लूक यांत आहेत. पण त्याच पुस्तकांत दुसरीही बाजू आहे. बेथेस्दाच्या पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे असा मोठा समुदाय पडला होता. त्या दिवशी उठला एक. कफर्णहूमला सकाळी सगळे त्याला शोधत होते तेव्हा तो म्हणाला, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे. मागे शोधणारी माणसं होतीच. आणि पहिल्या पिढीच्या मंडळीत पाहा : पौलासारखा प्रेषित आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, सल्ला देतो की पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी असताना मिलेताला ठेवून पुढे जातो. एपफ्रदीत हा दुसरा सोबती मरणाच्या दारी पोचतो आणि देवाने त्याच्यावर दया केली असं पौल लिहितो, पण कधी बरा होईल याची पौलालाही खात्री नव्हती हे त्या ओळींतल्या काळजीवरून दिसतं. स्वतःच्या शरीरातल्या 'काट्यासाठी', म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासासाठी, पौलाने तीनदा विनंती केली. उत्तर आलं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं. यांच्यापैकी कुणाचाही विश्वास कमी होता असं कुठल्याही मंडळीत म्हटलेलं मी ऐकलं नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायातलं 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले' हे वचन तुमच्या आईंना वारंवार ऐकवलं गेलं असणार. मोठं वचन आहे, आणि मत्तय आठव्या अध्यायात त्याच्याच आधीची ओळ येशूच्या बरं करण्याला लावतो, त्यामुळे आजाराशी त्याचा संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच वचन पापाच्या संदर्भात येतं. ते ख्रिस्ताने काय मिळवून दिलं ते सांगतं. आईंच्या पुढच्या स्कॅनमध्ये काय दिसेल त्याची तारीखवार हमी देत नाही. मरणातून उठलेला लाजरसुद्धा पुढे कधीतरी मेलाच. येशूने बरी केलेली प्रत्येक व्यक्ती नंतर केव्हातरी म्हातारी झाली, आजारी पडली, गेली. मी त्या सर्व गोष्टींकडे येणाऱ्या देवाच्या राज्याच्या खुणा म्हणून पाहतो, जिथे प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायाप्रमाणे मरण नाही आणि रडणं नाही. खुणा आज इथे-तिथे दिसतात. पूर्ण चित्र अजून यायचंय. या मधल्या काळात आपण प्रार्थनाही करतो आणि केमोही घेतो.

आणि केमो घेताना आपण येशूच्या विरुद्ध पक्षात जात नाही. 'निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे' हे त्याचंच वाक्य आहे. आजारी माणसाने वैद्याकडे जावं हे त्याने इतकं स्वाभाविक मानलं की त्याचाच दाखला देऊन त्याने स्वतःचं काम समजावलं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या जातात, मग उतारशाळेत नेऊन खर्चाची सोय होते. हा अगदी आजचा क्रम आहे. हिज्कीया राजाला देवाने आयुष्य वाढवून दिलं आणि तरी यशयाने गळवावर अंजिरांचं पोटीस लावायला सांगितलं. पौलाचा सोबती लूक 'प्रिय वैद्य' होता. चौथ्या शतकात कैसरियाच्या बिशप बासिलने रुग्णांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी शहराबाहेर मोठी संस्था उभारली. संन्याशांना त्याने लिहिलं की शेतीसारखी वैद्यकविद्याही देवानेच माणसाच्या गरजेसाठी दिली आहे. आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं रुग्णालय तर तुम्हाला माहीतच असेल. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या किती घरांत 'मिरजेला नेलं आणि वाचला' असं म्हणणारं माणूस आहे! तिथे शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होत असे, आणि नंतर चाकू धरला जात असे. प्रार्थनेने चाकू अनावश्यक झाला असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एक ओळ मात्र तुम्हाला उलट ऐकवतील, मार्काच्या पाचव्या अध्यायातली. बारा वर्षं रक्तस्राव असलेल्या स्त्रीने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसलं, होतं नव्हतं ते खर्च केलं, आणि गुण न येता दुखणं वाढलं. 'पाहा, डॉक्टरांनी काही होत नाही!' पण मार्क तिला वैद्यांकडे गेल्याबद्दल दोष देत नाही, तिचे हाल सांगतोय. त्या काळच्या वैद्यांकडे तिच्यासाठी उपाय नव्हता. तुमच्या आईंच्या आजारावर आज उपाय आहे आणि तो लागू पडतोय हे चार केमोंनी दाखवलं.

या स्त्रीपाशी मी नेहमी जास्त वेळ थांबतो, कारण माझं निम्मं काम मी तिच्याकडून शिकलो. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी आहे, येशू तिकडे निघालाय, गर्दी रेटते आहे. ही बाई मागून येऊन वस्त्राला शिवते आणि तिथल्या तिथे बरी होते. शरीराचं काम तिथेच संपलं. तरीही येशू थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवलं? शिष्यांना हे विचित्र वाटतं. याईराच्या जिवाचं काय होत असेल! ती भीत-कापत पुढे येते आणि 'सर्व खरे सांगते', असं मार्क लिहितो. सर्व म्हणजे बारा वर्षांचं. नियमशास्त्राप्रमाणे ती इतकी वर्षं अशुद्ध होती. जो तिला शिवेल तोही अशुद्ध. तिने हे सगळं भर रस्त्यात सांगितलं आणि त्याने ऐकून घेतलं, मग तिला 'मुली' म्हणून हाक मारली. हे ऐकून घेणंही त्याच्या बरं करण्याचा भाग होतं असं मी मानतो.

तेव्हा तुम्ही वचनांचा वाद घालण्याआधी आईंचं 'सर्व खरं' ऐका. माझा अनुभव सांगतो : 'मी विश्वासाने औषध सोडते' या वाक्याखाली बरेचदा दुसरंच काही असतं. ओकाऱ्या सहन होत नाहीत. तोंड आलंय, पाणीही झोंबतं. केस गेलेत आणि शेजारणींसमोर जायला नको वाटतं. ऑपरेशनमध्ये स्तन काढतील ही भीती, जी मुलाला सांगता येत नाही. पैसे. मुलाच्या रजा. 'माझ्यामुळे घर बसायला लागलंय' हे. यातल्या बहुतेक गोष्टींना उपाय आहेत. ओकाऱ्यांवर चांगली औषधं आहेत, डॉक्टरांना सांगितलं तर ते ती बदलून देतात. स्तन पूर्ण काढावा लागेल की गाठीपुरता भाग काढून भागेल हे प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि आधी केमो देण्यामागे कधीकधी तोच विचार असतो, सरळ विचारा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या सोशल वर्करला विचारा. आणि आईंचं ऐकून घेणारी एखादी मावशी, आत्या, शेजारीण असेल तर हे बोलणं तिच्याकडून होऊ द्या. मुलाजवळ बायका सगळं बोलत नाहीत.

आणखी एक. प्रार्थनासभा त्यांच्याकडून तोडू नका. रुग्णालयात त्या एक फाईल असतात, एक नंबर असतात. प्रार्थनासभेत कुणीतरी त्यांचा हात धरून नावाने प्रार्थना करतं. ती माणसं त्यांना हवी आहेत, आणि त्यातली बहुतेक प्रेमानेच बोलत असणार. बंधूंना घरी चहाला बोलवा, तुमचे जुने पाळक असतील तर त्यांनाही. त्यांना एवढंच विचारा : आई बऱ्या झाल्या असतील तर डॉक्टरांना तपासून तसं सांगू दे, तोवर उपचार चालू ठेवायला तुमची हरकत आहे का? 'मी औषध सोडायला सांगितलं' असं डॉक्टरांसमोर येऊन म्हणाल का? प्रामाणिक माणूस इथे थांबतो. थांबला नाही तर मात्र त्याला आईंपासून दूर ठेवा, आणि ते तुम्ही नम्रपणे पण ठामपणे करा.

प्रार्थनेच्या पद्धतीबद्दलही काळजी घ्या, कारण केमोच्या काळात त्याने फरक पडतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा गर्दीच्या सभेत नेऊ नका. दोघं-तिघं हात धुऊन घरी आली तर उत्तम. सर्दी-खोकला असलेल्याने हात ठेवायला येऊ नये. आईंनी उपास करू नये, त्यांच्यासाठी बाकीच्यांनी करावा. कपाळाला तेल लावायला हरकत नाही. पण प्यायला दिलेलं तेल, पाणी, काढा काहीही डॉक्टरांना न विचारता नको. आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तो ताप आधी प्रार्थना करून बघू म्हणण्यासारखा नसतो, वाटेत गाडीत प्रार्थना करा.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भागही आहे. मी हे सगळं तुम्ही लिहिलेल्या माहितीवर बोलतोय : उपचार बरं करण्याच्या हेतूने चालू आहेत आणि ते लागू पडतायत. हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. रोग फार पसरलेला असता, केमोने फक्त त्रास वाढत असता, आणि आईंनी डॉक्टरांशी बोलून 'आता दुखणं कमी करणारे उपचार द्या, मला घरी राहू द्या' म्हटलं असतं, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. तेव्हा केमो थांबवणं हा अविश्वास नसतो, आणि विश्वासाचा पुरावाही नसतो. तो एक शहाणा निर्णय असतो. आजची गोष्ट तशी दिसत नाही.

आणि निर्णय शेवटी आईंचा आहे. जबरदस्तीने गाडीत घालून नेलेली केमो मी पाहिली आहे. सहावीला ती बाई आलीच नाही. त्यांना राजी होऊ द्या. दोन-चार दिवस लागणार असतील तर डॉक्टरांना फोन करून आजच विचारा की किती दिवस पुढे गेलं तर चालेल, म्हणजे घरात बोलायला जागा मिळेल आणि तारीखही हातची जाणार नाही.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय, कुणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. दुखणाईताने मंचावर जायचं नाही, वडिलांनी त्याच्याकडे यायचं. आई तयार झाल्या की केमोच्या आदल्या संध्याकाळी पाळकांना आणि त्या बंधूंनाही घरी बोलवा, दोघांनी मिळून प्रार्थना करू द्या. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर त्या बापाचं वाक्य म्हणा, तेवढं पुरेल. रक्ताची तपासणी त्याआधी करून घ्या. पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर डॉक्टर तारीख बदलतील, आणि ते आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी त्याचा भलता अर्थ लावणार नाही.